तुर्कमेन भाषेतील संख्यावाचक शब्द : रचना, उच्चार आणि अध्ययन

परभाषेच्या अध्ययनाचा आरंभ बहुधा संख्यावाचक शब्दांनी होतो. हे शब्द थोडे असतात, नित्य उपयोगाचे असतात व त्यांचा अर्थ निश्चित असतो. म्हणून ते पाठ करावेत आणि पुढे जावे, अशी सर्वसाधारण प्रथा आहे. मराठी भाषकास तर या प्रथेत काहीच वावगे वाटत नाही. एक ते शंभर हे सर्व शब्द त्याने बालपणी पाठांतरानेच आत्मसात केलेले असतात, आणि संख्यावाचन म्हणजे पाठांतर हे समीकरण त्याच्या मनात दृढ झालेले असते. तुर्कमेन भाषेच्या बाबतीत मात्र हे समीकरण उपयोगी पडत नाही. या भाषेतील संख्याशब्द ही पाठ करावयाची यादी नसून भाषेच्या घडणीचा एक संक्षिप्त नमुना होय. या भाषेचे वर्णविशेष, तिचा स्वरसंवाद, तिचे प्रत्यय आणि तिचा इतिहास या सर्वांचा प्रथम परिचय वीस शब्दांच्या आधारे होऊ शकतो. तो कसा होतो, याचे विवेचन येथे केले आहे.

तुर्कमेन ही तुर्की भाषाकुलाच्या नैर्ऋत्य अथवा ओगुझ शाखेतील भाषा होय. तुर्कस्तानची तुर्की आणि अझरबैजानी या तिच्या निकटच्या भगिनी. तुर्कमेनिस्तानची ती राज्यभाषा असून इराणच्या ईशान्य भागात व अफगाणिस्तानच्या उत्तर भागातही ती बोलली जाते. तिची लिपी विसाव्या शतकात वारंवार बदलली. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अरबी, त्यानंतर रोमन, १९४० पासून रशियन आणि १९९३ च्या निर्णयानुसार पुन्हा रोमन, असा हा प्रवास आहे. लिपी बदलली तरी येथे विचारात घेतलेल्या संख्याशब्दांची मूळ चौकट बदलली नाही.

वीस शब्दांची सामग्री

एक ते नऊ या संख्यांचे तुर्कमेन शब्द क्रमाने असे आहेत : बिर, इकि, उच, दोर्त, बॅश, अल्ती, येदी, सेकिझ, दोकुझ. दहा ते नव्वद या दशकांचे शब्द असे : ओन, यिग्रिमी, ओतुझ, किर्क, एल्ली, अल्तमिश, येतमिश, सेगसेन, तोगसान. शंभरास युझ आणि हजारास मुङ म्हणतात. हे एकूण वीस शब्द झाले. शून्यासाठी नोल हा रशियनमधून आलेला शब्द आहे.

या वीस शब्दांच्या साहाय्याने एकपासून नऊ लक्ष नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंतची प्रत्येक संख्या उच्चारता येते. अकरा म्हणजे ओन बिर (दहा एक), एकवीस म्हणजे यिग्रिमी बिर (वीस एक), अठ्ठ्याहत्तर म्हणजे येतमिश सेकिझ (सत्तर आठ). दोनशे म्हणजे इकि युझ, तीन हजार म्हणजे उच मुङ. मोठी संख्या आधी व लहान संख्या नंतर आली म्हणजे बेरीज, आणि शंभर वा हजार यांच्या पूर्वी लहान संख्या आली म्हणजे गुणाकार, एवढे दोनच नियम येथे पुरेसे आहेत. शब्दांच्या रूपात काहीही फरक पडत नाही. इकि हा शब्द कोठेही इकि असाच राहतो.

मराठीशी तुलना केली असता या गोष्टीचे महत्त्व ध्यानात येते. मराठीत ‘दोन’ ही संख्या बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बहात्तर, ब्याऐंशी अशा अनेक वेषांत वावरते. संस्कृत द्वाविंशति, द्वासप्तति यांसारखी मूळची सुबोध सामासिक रूपे प्राकृतातील वर्णविकारांमुळे झिजली, आणि प्रत्येक संख्येचा शब्द जवळजवळ स्वतंत्र होऊन बसला. परिणामी मराठी भाषकास नव्व्याण्णव शब्द पाठ करावे लागतात, तर तुर्कमेन भाषकास तेवढ्याच संख्यांसाठी अठरा शब्द पुरतात.

लक्ष या संख्येसाठी तुर्कमेनमध्ये स्वतंत्र शब्द नाही. तिला युझ मुङ (शंभर हजार) म्हणतात. अडीच लक्ष म्हणजे इकि युझ एल्ली मुङ, अर्थात दोनशे पन्नास हजार. दशलक्षासाठी मिल्लिओन हा शब्द रशियनद्वारा आला. मोठ्या संख्यांचे शब्द भाषा सहज उसने घेतात, याचा प्रत्यय मराठीतही येतो. ‘हजार’ हा फारसी शब्द आहे. तो आणि संस्कृत ‘सहस्र’ हे एकाच मूळ शब्दाचे इराणी व भारतीय अवतार होत. तथापि मराठीच्या नित्य व्यवहारात परदेशी अवताराने स्वदेशीय अवतारास मागे सारले. तुर्कमेनने मात्र हजारापर्यंतचे शब्द स्वतःचेच राखले.

उच्चाराचे प्रश्न

वरील लिप्यंतर स्थूल आहे. देवनागरीत तुर्कमेनचे सर्व वर्ण दाखविता येत नाहीत. चार गोष्टी अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट स्वरांची. उच, युझ व मुङ यांतील उकार आणि दोर्तमधील ओकार हे जिभेचा अग्रभाग पुढे ठेवून, ओठ मात्र गोल करून उच्चारावयाचे असतात. इ उच्चारताना जिभेची जी स्थिती असते ती न बदलता ओठांचा चंबू केला असता हा उकार साधतो. त्याच रीतीने ए पासून हा ओकार साधतो. याउलट अल्ती, किर्क व अल्तमिश यांतील इकार पश्च आहे. तो उच्चारताना जीभ उ च्या स्थितीत मागे ओढलेली, पण ओठ पसरलेले असतात. मराठीत हे तिन्ही स्वर नाहीत.

दुसरी गोष्ट स आणि झ यांची. लेखनात हे वर्ण साधे दिसतात. परंतु प्रमाण तुर्कमेन उच्चारात जिभेचे टोक दातांच्या कडेशी येऊन त्यांचे दन्त्य घर्षक बनतात. सेकिझमधील स हा इंग्रजी ‘थ्री’ या शब्दाच्या आद्य वर्णासारखा, आणि त्याच शब्दातील अन्त्य झ हा इंग्रजी ‘दिस’ या शब्दाच्या आद्य वर्णासारखा ऐकू येतो. दोकुझ, ओतुझ, युझ यांतही हाच प्रकार. हे वैशिष्ट्य तुर्कस्तानच्या प्रमाण तुर्कीत आढळत नाही.

तिसरी गोष्ट च व ज यांची. तुर्कमेनमधील हे वर्ण नेहमी तालव्य असतात. ‘चहा’ आणि ‘जिल्हा’ यांतील च, ज येथे अभिप्रेत आहेत. ‘चमचा’ आणि ‘जग’ यांतील नव्हेत. मराठीत दोन्ही प्रकार असल्यामुळे येथे उच्चाराची अडचण नाही, केवळ निवडीची आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्वरांच्या ऱ्हस्वदीर्घत्वाची. तुर्कमेन लेखनात दीर्घत्व सामान्यतः दाखवीत नाहीत; उच्चारात मात्र त्याने अर्थभेद होतो. ऱ्हस्व स्वराने उच्चारलेला ‘अत’ म्हणजे घोडा, दीर्घ स्वराने उच्चारलेला ‘आत’ म्हणजे नाव. लेखनात दोन्ही एकच. संख्याशब्दांत दोर्त, बॅश आणि ओन यांतील स्वर दीर्घ आहेत, तर ओतुझ व दोकुझ यांतील ओकार ऱ्हस्व आहेत. मराठीत ए आणि ओ हे स्वर परंपरेने दीर्घच मानले जातात. त्यामुळे मराठी अभ्यासक ओन आणि ओतुझ यांतील ओकार सारखेच उच्चारण्याचा संभव असतो. कन्नड जाणणाऱ्यास, त्या भाषेत ऱ्हस्व ओ स्वतंत्र असल्यामुळे, हा भेद सहज साधतो.

हे दीर्घत्व प्राचीन आहे. सैबेरियातील याकूत भाषेत चार, पाच व दहा यांचे शब्द तुओर्त, बिएस, उओन असे आहेत; म्हणजे तुर्कमेनमध्ये जेथे दीर्घ स्वर आहे तेथे याकूतमध्ये संयुक्त स्वर आहे. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन भाषांत हा मेळ योगायोगाने पडणे शक्य नाही. तो मूळ तुर्की भाषेचाच वारसा मानावा लागतो. दीर्घत्वाचा आणखी एक पुरावा व्यंजनांत सापडतो. दोर्त या शब्दापुढे स्वरादी प्रत्यय आला असता त चा द होतो : ‘चौथा’ म्हणजे दोर्दुन्जी. तुर्कस्तानच्या तुर्कीतही हेच घडते. त्या भाषेने दीर्घ स्वर टाकून दिला, पण त्याच्या सान्निध्याने मृदू झालेले व्यंजन तसेच राहिले. जेथे तुर्कमेन अद्याप दीर्घ स्वर उच्चारते, तेथे तुर्कीत त्याची केवळ पाऊलखूण उरली आहे.

दशकांच्या शब्दांतील इतिहास

वीस शब्दांपैकी खरे श्रम पडतात ते दशकांच्या शब्दांसाठी. यिग्रिमी, ओतुझ, किर्क आणि एल्ली या चारांचा दोन, तीन, चार, पाच यांच्याशी कोणताही दृश्य संबंध नाही. ते स्वतंत्रपणेच शिकावे लागतात. पुढील दोन शब्दांत मात्र एकक दिसू लागतो : अल्तमिशमध्ये अल्ती आणि येतमिशमध्ये येदी. त्यांना जोडलेल्या अंत्य घटकाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु अल्तमिशमध्ये त्याचा स्वर पश्च व येतमिशमध्ये अग्र आहे, एवढी गोष्ट निश्चित व उपयुक्त आहे.

शेवटचे दोन शब्द सर्वांत बोलके आहेत. प्राचीन तुर्कीत ऐंशीला सेकिझ ओन (आठ दहा) आणि नव्वदला तोकुझ ओन (नऊ दहा) असे दोन स्वतंत्र शब्दांनी म्हणत. वारंवारच्या उच्चाराने ते एकजीव झाले आणि सेगसेन व तोगसान ही रूपे सिद्ध झाली. एकजीव होताना ओन मधील ओकार टिकला नाही. सेगसेनमध्ये पूर्वीच्या अग्र स्वराशी जुळवून त्याचा ए झाला, तोगसानमध्ये पश्च स्वराशी जुळवून आ झाला. शब्दातील सर्व स्वर एकतर अग्र असावेत वा पश्च असावेत, या तुर्की भाषांच्या मूलभूत प्रवृत्तीस स्वरसंवाद म्हणतात. दोन शब्दांचा एक शब्द होताच हा नियम त्यास लागू झाला, हे येथे प्रत्यक्ष दिसते. दुसरी सूक्ष्म गोष्ट अशी की नऊ म्हणजे दोकुझ, पण नव्वद म्हणजे तोगसान. ओगुझ शाखेत शब्दारंभीच्या त चा अनेक ठिकाणी द झाला. अकराव्या शतकात महमूद काश्गरी याने आपल्या तुर्की कोशात ओगुझ लोकांच्या या लकबीची नोंद केली आहे. तुर्कमेनच्या दोकुझमध्ये हा बदल झालेला दिसतो, तोगसानमध्ये जुना त कायम आहे. तुर्कस्तानच्या तुर्कीत मात्र दोन्ही शब्द द ने आरंभ होतात.

याकूत भाषेने ‘आठ दहा’ ही पद्धती आणखी पुढे नेली. तेथे चाळीस म्हणजे तुओर्त उओन (चार दहा), पन्नास म्हणजे बिएस उओन (पाच दहा). किर्क आणि एल्ली यांचे सजातीय शब्द तिने वापरातून काढले. तुर्कमेनमध्ये किर्क नुसते टिकले नाही तर लोकपरंपरेत त्याला विशेष स्थान आहे; गोरोग्ली या वीरकथेतील नायकाचे साथीदार चाळीस आहेत.

गणनेचा क्रम

यिग्रिमी बिर ही सरळ रचना पाहून ती तुर्की भाषांची स्वभावसिद्ध रचना असावी असे वाटणे साहजिक आहे. इतिहास तसे सांगत नाही. मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यातील शिलालेख हे तुर्की भाषेचे प्राचीन लिखित पुरावे होत. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म थॉमसेन यांनी १८९३ मध्ये त्यांची लिपी उलगडली. त्यांपैकी इ. स. ७३२ मध्ये उभारलेल्या क्युल तेगिनच्या लेखात सतरा या संख्येसाठी ‘सात वीस’ या अर्थाचे शब्द येतात. याचा अर्थ सत्तावीस नव्हे. दुसऱ्या दशकाची वाटचाल विसाकडे चालू आहे आणि तीतील हे सातवे पाऊल, असा त्याचा आशय. याच पद्धतीने एकवीस म्हणजे ‘एक तीस’. पण ओर्खोन शिलालेखांत ‘तीस, अधिक एक’ अशा प्रकारची दुसरी रचनाही आढळते. आठव्या शतकात दोन्ही पद्धती शेजारी नांदत होत्या. पुढे ‘अधिक’ हा शब्द गळून पडला, ‘तीस एक’ ही रचना सर्वत्र रूढ झाली आणि जुनी पद्धती मागे पडली. चीनच्या गान्सू प्रांतातील पश्चिम युगूर भाषेत अकरा ते एकोणतीस या संख्यांपुरता तिचा अवशेष राहिला.

आगामी दशकाकडे दृष्टी ठेवून मोजण्याची ही रीत मराठी भाषकास सर्वस्वी अपरिचित नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द आगामी दशकाचेच नाव घेतात. भेद इतकाच की मराठी येथे एक उणा करते, तर प्राचीन तुर्कीत एकोणतीसला ‘नऊ तीस’ म्हणून त्या दशकातील स्थान सांगत.

या प्रश्नाला महाराष्ट्रात अलीकडे एक व्यावहारिक संदर्भही प्राप्त झाला. २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती देण्यात आली. जोडाक्षरयुक्त शब्दांची अडचण कमी व्हावी आणि अंक लिहिण्याचा व बोलण्याचा क्रम एक असावा, हा तीमागील हेतू होता. तीवर मोठा वाद झाला. ‘वीस एक’ ही रचना म्हणजे शब्दशः तुर्कमेनचे यिग्रिमी बिर होय. अशी रचना सोपी असते हे निर्विवाद आहे. परंतु तुर्की भाषांत ती भाषकांच्या तोंडी, जुन्या पद्धतीच्या शेजारी दीर्घकाळ वावरून रूढ झाली. तुर्कमेनचे उदाहरण म्हणून कोणत्याही एका पक्षाचे समर्थन करीत नाही. संख्यावाचनाची पद्धती बदलू शकते, आणि ती बदलताना जुनी व नवी यांचे सहअस्तित्व ही स्वाभाविक अवस्था असते, एवढे मात्र त्यावरून दिसते.

क्रमवाचक रूपे आणि वाक्यातील उपयोग

क्रमवाचक विशेषण एकाच प्रत्ययाने सिद्ध होते : बिरिन्जी (पहिला), इकिन्जी, उचुन्जी, दोर्दुन्जी, बॅशिन्जी, अल्तिन्जी, येदिन्जी, सेकिझिन्जी, दोकुझिन्जी, ओनुन्जी. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा यांसारखी अनियमित रूपे येथे नाहीत. ‘सर्वप्रथम’ या अर्थी इल्किन्जी हा वेगळा शब्द तेवढा आहे. मराठीतील पाचवा, पाचवी, पाचवे हे प्रत्ययाचे भेद नामाच्या लिंगानुसार होतात. तुर्कमेनमध्ये व्याकरणिक लिंग नाही. तेथे प्रत्यय बदलतो तो संख्याशब्दाच्या स्वरानुसार. बिर, बॅश, येदी यांच्यापुढे प्रत्ययाचा इकार अग्र, तर अल्ती, दोकुझ, ओन यांच्यापुढे पश्च असतो. शिवाय उचुन्जी, दोर्दुन्जी व ओनुन्जी यांत जोडस्वर गोल झाला आहे, दोकुझिन्जीत नाही. कारण स्वरांचे हे गोलत्व लेखनात शब्दाच्या दुसऱ्या अवयवापर्यंतच दाखवितात. ही दहा रूपे नीट समजली म्हणजे स्वरसंवादाचा नियम वेगळा शिकविण्याचे फारसे कारण उरत नाही.

छापील मजकुरात मराठीतील ‘५ वा’ प्रमाणे अंकापुढे संयोगचिन्ह देऊन हा प्रत्यय लिहितात, आणि वर्ष व दिनांक नेहमी क्रमवाचकानेच सांगतात. तुर्कमेनिस्तानच्या स्वातंत्र्याचे वर्ष १९९१ हे ‘बिर मुङ दोकुझ युझ तोगसान बिरिन्जी यिल’, म्हणजे एक हजार नऊशे एक्क्याण्णवावे वर्ष, असे वाचतात. संख्या कितीही दीर्घ असली तरी प्रत्यय केवळ अंत्य शब्दास लागतो.

संख्याशब्दानंतर येणारे नाम एकवचनी राहते. ‘बॅश किताप’ म्हणजे पाच पुस्तके. किताप या शब्दास अनेकवचनाचा प्रत्यय लावीत नाहीत, कारण अनेकत्व संख्येने सांगितलेलेच असते. मराठीत ‘पाच दिवस’ येथे नामाचे रूप बदलत नाही, पण ‘पाच पुस्तके’ येथे बदलते. तुर्कमेनमध्ये असा भेद नाही. संख्या आणि नाम यांच्यामध्ये पुष्कळदा ‘सानी’ हा गणनादर्शक शब्द येतो : ‘बॅश सानी किताप’. मराठी व्यापारी भाषेतील ‘पाच नग’ या प्रयोगाशी त्याचे साम्य आहे. अपूर्णांकासाठी अपादानाचा प्रत्यय वापरतात. ‘उचदेन बिर’, अर्थात ‘तिनांतून एक’, म्हणजे एक तृतीयांश. दीड व अडीच यांसाठी मराठीसारखे खास शब्द नाहीत. दीड म्हणजे ‘बिर यारिम’, एक आणि अर्धा. बिर हा शब्द मराठीतील ‘एक’ प्रमाणेच अनिश्चितताही दर्शवितो : ‘बिर आदाम’ म्हणजे कोणी एक माणूस.

वारांच्या नावांतील फारसी अंक

तुर्कमेन भाषेत संख्यांची आणखी एक मालिका लपलेली आहे. वारांची नावे पाहावीत : येकशेन्बे (रविवार), दुशेन्बे (सोमवार), सिशेन्बे (मंगळवार), चारशेन्बे (बुधवार), पेन्शेन्बे (गुरुवार). त्यांतील येक, दु, सि, चार, पेन हे फारसी एक ते पाच होत. शुक्रवारास आन्ना व शनिवारास नुसते शेन्बे म्हणतात. गणना शनिवारापासून सुरू होते. म्हणून रविवार हा ‘पहिला’ आणि सोमवार हा ‘दुसरा’. सोमवार हा सप्ताहाचा पहिला दिवस समजून अर्थ लावू पाहणाऱ्याची येथे एका दिवसाने चूक होते. २००२ मध्ये तुर्कमेनिस्तानात वारांना व महिन्यांना नवी नावे देण्यात आली होती. २००८ मध्ये जुनी नावे पुन्हा प्रचारात आली. मराठी भाषकास हे फारसी अंक अगदी परके नाहीत. ‘दुय्यम’ या शब्दात तोच ‘दु’ आहे आणि ‘पंजा’ या शब्दात तोच ‘पंज’. इराणी संस्कृतीचा प्रभाव मध्य आशियात व दख्खनमध्ये दोन्हीकडे पोचला, त्याची ही समान खूण होय.

अध्ययनाचा क्रम

या विवेचनावरून अध्ययनाचा एक क्रम सुचतो. प्रथम एक ते दहा हे शब्द ऱ्हस्वदीर्घ भेदासह, ऐकून शिकावेत. लेखनावर विसंबू नये. लगेच त्यांची क्रमवाचक रूपे घ्यावीत, म्हणजे स्वरसंवादाचा परिचय होतो. त्यानंतर दशकांचे शब्द तीन गटांत विभागावेत : वीस ते पन्नास हे पाठांतराने, साठ व सत्तर हे एककाच्या आधाराने, ऐंशी व नव्वद हे त्यांच्या इतिहासाच्या आधाराने. शेवटी दिनांक व वर्षे वाचण्याचा सराव करावा, कारण त्यात गणनावाचक आणि क्रमवाचक अशा दोन्ही शब्दांचा उपयोग होतो. मराठी अभ्यासकास पाठांतराची सवय आहे, आणि वीस शब्द पाठ करणे त्यास जड नाही. परंतु तो जर तेथेच थांबला तर त्याच्या हाती केवळ वीस शब्द लागतील. त्यांच्या घडणीकडे त्याने लक्ष दिले तर तुर्कमेनच्या व्याकरणाचा पाया त्याच वीस शब्दांत घातला जाईल.